पायडल माझं, जोर कुणाचा? पेडल असिस्टच्या लेव्हलची गोष्ट

मागच्या भागानंतर एका काकांची व्हॉइस नोट आली. गुडघे दुखतात म्हणून त्यांनी इलेक्ट्रिक सायकल घेतली. ते म्हणाले, "हँडलवर एक ते पाच लेव्हल आहेत. पाचवर ठेवली तरी पाय थांबवले की मोटर गप्प. मला फसवलं का हो?"

काका, फसवलेलं नाही. तुम्हाला जो दोष वाटतोय ना, त्याच्याच जोरावर ही सायकल कायद्यानं सायकल ठरली. कशी, ते आज बघू.

सायकलला मोटर लावायची कल्पना जुनी. अमेरिकेत ऑग्डन बोल्टन यांनी 1895 मध्येच मागच्या चाकात मोटर असलेल्या सायकलचं पेटंट घेतलं होतं. जपानमध्ये दुसऱ्या महायुद्धानंतर, 1946 मध्ये, सोइचिरो होंडा यांनी लष्कराच्या वायरलेस संचांची उरलेली छोटी इंजिनं सायकलींना जोडून विकली. त्यातूनच पुढे मोटारसायकलींची मोठी कंपनी उभी राहिली. म्हणजे सायकलला इंजिन लावलं की ती हळूहळू मोटारसायकल होते, हे जपाननं डोळ्यांनी पाहिलं होतं. आणि मोटारसायकल म्हटली की लायसन्स आलं, नंबरप्लेट आली.

मग म्हाताऱ्या माणसाला चढावर थोडी मदत हवी असेल, तर त्यानं लायसन्स काढायचं का?

यावर तोडगा काढला यामाहानं. गंमत बघा, ही स्वतः मोटारसायकली बनवणारी कंपनी! त्यांनी थ्रॉटलच काढून टाकला. पायडलवर पाय किती जोर लावतोय हे एक सेन्सर मोजतो, आणि मोटर त्या प्रमाणात आपला जोर मिसळते. पाय थांबला की मोटरही थांबली. 1993 मध्ये ही 'पास' नावाची सायकल जपानच्या मोजक्या भागांत विक्रीला आली आणि पुढच्या वर्षी देशभर.

नियमही त्याच भाषेत होता. ताशी 15 किलोमीटरपर्यंत माणसाचा जोर एक, तर मोटरचा जास्तीत जास्त एक. त्यापुढे मदत कमी कमी होत 24 ला शून्य. थोडक्यात, मोटर बरोबरीनं राबेल, पण मालकीण होणार नाही.

आता हा हिशोब रस्त्यावर आणू. एक आई, सायकल आणि दोन मुलं धरून वजन 110 किलो. रस्ता असा की 100 मीटर पुढे गेलं की 5 मीटर वर चढतो. ताशी 10 च्या वेगानं जायला साधारण 170 वॉट लागतात. एकटीनं ओढायचं तर घाम फुटेल. एकास एक मदत मिळाली तर तिच्या वाट्याला 85 वॉट येतात. तेही कमी नाहीत, कारण मागे-पुढे मुलं बसलेली असताना चढावर सायकल डगमगली तर ती पडू शकते.

जपानमध्ये 2008 मध्ये हा नियम बदलला. ताशी 10 किलोमीटरपर्यंत माणसाच्या एकाला मोटरचे दोन चालतील, असं ठरलं. आता आईच्या वाट्याला फक्त 57 वॉट. पुढच्याच वर्षी, योग्य बनावटीच्या सायकलवर दोन लहान मुलांना बसवायलाही तिथे परवानगी मिळाली.

आता तुमच्या लेव्हल, काका. कायदा छत ठरवतो आणि त्या छताखाली कंपनी पायऱ्या करते. लेव्हल एक म्हणजे तुमच्या जोराला मोटरची थोडी जोड, वरची लेव्हल म्हणजे जास्त जोड. हा गिअर नव्हे! गिअर तुमच्या पायाचा जोर आणि पाय फिरण्याचा वेग यांचं नातं बदलतो. लेव्हल तुमचा वाटा आणि मोटरचा वाटा बदलते. म्हणून चढावर दोन्ही वापरायचे: गिअर हलका, लेव्हल वरची. सपाटीवर लेव्हल खाली आणा, बॅटरी जास्त पुरेल.

युरोपानं 2002 च्या निर्देशात वेगळी मोजपट्टी घेतली: मोटर 250 वॉटपर्यंत, मदत ताशी 25 किलोमीटरपर्यंत, आणि पायडल थांबलं की मोटर बंद. आपल्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतही पेडल असिस्ट सायकलसाठी जवळपास हीच भाषा आहे.

एक मेख मात्र आहे. बऱ्याच स्वस्त सायकलींमध्ये जोर मोजणारा सेन्सर नसतोच. पायडल फिरतंय की नाही, एवढंच चुंबकांवरून ओळखलं जातं. तिथे लेव्हल म्हणजे मोटरनं किती वेग किंवा किती करंट द्यायचा याची मर्यादा. पाय नुसते हवेत फिरवल्यासारखे फिरवले तरी मोटर पूर्ण धावते, आणि सुरुवातीला कधीकधी धक्का देते. तुमची कोणती, ते ओळखायला रिकाम्या सपाट रस्त्यावर लेव्हल दोनवर आधी हलकं आणि मग दाबून पायडल मारा. दाबल्यावर मोटरही जोर वाढवत असेल, तर ती तुमचा पाय वाचतेय. दोन्ही वेळा सारखीच ओढत असेल, तर ती फक्त फिरणं मोजतेय.

गुडघ्यांसाठी सायकल घेणाऱ्यानं दुकानात रंगाआधी हे विचारावं. आणि काका, पाय थांबल्यावर मोटर थांबते म्हणून वाईट वाटून घेऊ नका. ती तुमची वाट बघतेय.

तुमच्या सायकलवर हा प्रयोग करून काय दिसलं, ते नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!