डोडोची बदनामी

डोडो पक्ष्याचे चित्र आपण कुठे ना कुठे पाहिले असेल. पोट जमिनीला टेकलेले, चोच भली मोठी, चेहरा बावळट. मुलांना सांगतात, हा मॉरिशस बेटावरचा पक्षी. लठ्ठ होता, मूर्ख होता, म्हणून नाहीसा झाला. मला विचाराल तर ही निव्वळ बदनामी आहे.

डच खलाशी १५९८ साली त्या बेटावर उतरले. पुढे युरोपातल्या चित्रकारांनी जो डोडो रंगवला, तो बहुधा कोंडून, खाऊ घालून सुटलेला, नाही तर दुसऱ्याच्या चित्रावरून उतरवलेला. गंमत अशी, की दोन जिवंत डोडो आपल्या सुरतेसही आले होते. पीटर मंडी नावाच्या इंग्रज प्रवाशाने ते पाहिल्याचे लिहून ठेवले आहे. जहांगीर बादशहाच्या पदरचा चित्रकार उस्ताद मन्सूर याच्या हातचे मानलेले एक डोडोचे चित्र आज सेंट पीटर्सबर्गच्या संग्रहालयात आहे. त्यातला पक्षी तपकिरी आहे आणि त्या गलेलठ्ठ चित्रांच्या मानाने अंगाने बराच बेताचा. जाणकार त्यावर अधिक भरवसा ठेवतात.

खरी साक्ष मात्र हाडांची. ती मिळवली एका शाळामास्तरांनी! १८६५ साली मॉरिशसमधल्या जॉर्ज क्लार्क यांनी एका दलदलीत माणसे उतरवली. कमरेइतक्या पाण्यात ती माणसे अनवाणी पायांनी चिखल चाचपत आणि हाडे वर काढत. त्या हाडांवरून पक्षी उभा राहिला: उंची सुमारे तीन फूट, वजन दहा ते अठरा किलोच्या दरम्यान. चोच टोकाला आकड्यासारखी, तोंडाचा पुढचा भाग पिसांवाचून उघडा, शेपटीला नुसता पिसांचा झुबका. पंख इवलेसे. छातीच्या ज्या हाडाला उडण्याचे स्नायू धरतात, त्याचा कणा अगदी खुजा. पाय मात्र चांगले दणकट, चालण्यापळण्याचे.

आणि कूळ कोणते? कबुतराचे! १८४२ साली हे प्रथम कोणी म्हटले, तेव्हा लोक हसले. २००२ साली आनुवंशिक तपासणीने तेच खरे ठरवले. आज जिवंत असलेला त्याचा सर्वांत जवळचा आप्त म्हणजे निकोबारी कबुतर, जे आपल्याच निकोबार बेटांवर आढळते.

बेटावर खायला मुबलक, आणि शिकार करणारे जनावर एकही नाही. मग उडायचे कशाला? घरटे जमिनीवर, अंडे एका वेळी एकच, असे सांगतात. मांस खलाशांना फारसे रुचतही नव्हते. पण जहाजांबरोबर डुकरे आली, उंदीर आले, माकडे आली, जंगलही तुटू लागले. आपल्या अंगणातली कोंबडी मुंगूस दिसताच आकांत करते. डोडोच्या पिढ्यान्पिढ्यांनी मुंगूस सोडा, साधा उंदीरही पाहिला नव्हता. १६६२ नंतर तो कोणाला दिसल्याची खात्रीलायक नोंद नाही.