वाहनातील इंधन-हीटर आणि दोषनिदानाची परंपरा : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

मोटारवाहनांचा इतिहास बहुधा इंजिन, वेग, कारखाने आणि उद्योजक यांच्या अंगाने लिहिला जातो. यंत्र कसे जन्माला आले, हे आपणास ठाऊक असते. परंतु ते बंद पडल्यावर माणसाने काय केले, कोणत्या क्रमाने विचार केला आणि त्या विचारातून यंत्राची रचना कशी बदलत गेली, याची नोंद इतिहासात क्वचितच होते. वस्तुतः दुरुस्ती हादेखील तंत्रज्ञानाच्या इतिहासाचा एक महत्त्वाचा भाग आहे. प्रस्तुत शोधनिबंधात थंड प्रदेशांतील व्हॅनमध्ये बसविल्या जाणाऱ्या, पेट्रोल अथवा डिझेल जाळून उष्णता देणाऱ्या साहाय्यक हीटरच्या उदाहरणावरून दोषनिदानाच्या परंपरेचा आढावा घेण्याचा प्रयत्न केला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे

१. इंधन-हीटरची गरज कोणत्या परिस्थितीतून निर्माण झाली, हे पाहणे.
२. हीटरची रचना आणि दोष शोधण्याचा क्रम यांतील संबंध स्पष्ट करणे.
३. दोषनिदानाचे काम कारागिराच्या ज्ञानेंद्रियांकडून संकेतांकांकडे कसे गेले आणि त्यातून काय साधले, काय गमावले, याचे विवेचन करणे.

या अभ्यासासाठी वर्णनात्मक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे.

गरजेची पार्श्वभूमी

पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनातील गरम पाणी एका लहान रेडिएटरमधून फिरविले की प्रवाशांना आयती ऊब मिळते. हवेने थंड होणाऱ्या इंजिनात ही सोय नसते. ८ मार्च १९५० रोजी जर्मनीतील वोल्फ्सबुर्ग येथे फोक्सवॅगनच्या ट्रान्सपोर्टर व्हॅनचे नियमित उत्पादन सुरू झाले. या गाडीचे इंजिन हवेने थंड होणारे आणि गाडीच्या मागील टोकाला होते, तर चालक अगदी पुढच्या टोकाला बसत असे. इंजिनाजवळ तापलेली हवा गाडीखालच्या लांब नळीतून पुढे येईपर्यंत निम्मीअधिक निवत असे. शिवाय गाडी उभी करून इंजिन बंद केले, की तीही ऊब संपे. व्हॅनमध्ये रात्र काढणारा प्रवासी, रस्त्याकडेला थांबलेला मालवाहतूकदार किंवा रुग्णवाहिकेतील रुग्ण यांच्या दृष्टीने हा प्रश्न केवळ सुखसोयीचा नव्हता.

महाराष्ट्रातील वाचकांना या इतिहासाचा एक दुवा परिचित वाटेल. हँबुर्गच्या 'टेम्पो' कंपनीची मॅटाडोर ही गाडी १९४९ मध्ये बाजारात आली, तेव्हा तिला फोक्सवॅगनचेच इंजिन बसविलेले होते. पुढे १९५८ मध्ये स्थापन झालेल्या बजाज टेम्पोमुळे 'टेम्पो' आणि 'मॅटाडोर' हे दोन्ही शब्द मराठीत रुळले. गाड्यांची नावे आपल्याकडे आली. त्यांच्या मायदेशातील हीटरची गरज मात्र आपल्या हवामानात आली नाही.

आरंभीचे प्रयत्न

इंधन जाळून वाहन तापविण्याची कल्पना युद्धपूर्व काळातील आहे. अमेरिकेतील स्टुअर्ट-वॉर्नर कंपनीने १९३० च्या दशकात 'साउथ विंड' हा पेट्रोल-हीटर बाजारात आणला. इंजिनाच्या शोषणशक्तीने कार्ब्युरेटरकडील इंधन व हवा एका बंद कक्षात ओढली जाई, तापलेल्या तारेने ती पेटे आणि जळलेले वायू पुन्हा इंजिनाच्या शोषण-नळीत जात. येथे एक बाब लक्षणीय आहे. ज्वलनकक्षात बाहेरच्यापेक्षा कमी दाब असल्यामुळे बारीक गळती झाली, तरी विषारी वायू बाहेर पडण्याऐवजी बाहेरची हवा आत ओढली जाण्याकडे कल राही. परंतु हा हीटर इंजिन चालू असेपर्यंतच चाले. १९६० सालच्या शेव्हर्ले कॉर्व्हेअर या मागे व हवेने थंड होणारे इंजिन असलेल्या अमेरिकी मोटारीसाठीही पेट्रोल-हीटरचाच आधार घेण्यात आला होता.

जर्मनीत या क्षेत्रात दोन नावे पुढे आली : १८६५ मध्ये स्थापन झालेली एबरश्पेखर आणि १९०१ मध्ये विल्हेल्म बायर यांनी स्थापन केलेली वेबास्टो. दोन्ही उद्योगांचा उगम एसलिंगेन या एकाच गावातील आहे, हा योगायोग उल्लेखनीय आहे. १९६८ च्या फोक्सवॅगन ४११ मोटारीत गाडी उभी असतानाही चालू शकणारा पेट्रोल-हीटर देण्यात आला. इंजिनापासून हीटर असा स्वतंत्र झाला, तेव्हा त्याला स्वतःचा पंखा, स्वतःचा इंधनपुरवठा आणि स्वतःचे धुराडे लागले. या स्वातंत्र्याबरोबरच एक नवा धोकाही आला. झोपलेल्या माणसापासून हातभर अंतरावर आता एक स्वतंत्र आग जळू लागली होती.

रचना आणि कार्य

आजच्या डिझेल हीटरची मूलभूत रचना साधी आहे. त्यात हवेचे दोन मार्ग असतात आणि ते कोठेही एकमेकांना मिळत नाहीत. पहिल्या मार्गाने बाहेरची हवा ज्वलनकक्षात येते, इंधनाबरोबर जळते आणि धुराड्याने गाडीबाहेर जाते. दुसऱ्या मार्गाने गाडीतील हवा तापलेल्या धातूच्या कवचावरून वाहते व गरम होऊन परत येते. सुरुवातीला ग्लो प्लग तापतो, नंतर पंप ठोक्याठोक्याने मोजून इंधन सोडतो, ज्योत पेटल्याचे संवेदक ओळखतो आणि मग ग्लो प्लग बंद होतो. बटण बंद केल्यावरही पंखा काही मिनिटे फिरत राहतो, कारण कवच निवणे आणि उरलेले वायू बाहेर जाणे आवश्यक असते.

सुमारे २ किलोवॅट क्षमतेचा असा हीटर पूर्ण शक्तीवर ताशी साधारण ०.२८ लिटर डिझेल घेतो. एक लिटर डिझेलमध्ये सुमारे १० किलोवॅट-तास ऊर्जा असते, हे लक्षात घेता सुमारे सत्तर टक्के उष्णता उपयोगी पडते. उबेसाठी मालट्रकचे मोठे इंजिन नुसते चालू ठेवले, तर तासाला अनेक लिटर इंधन जळते. या हिशोबातच हीटरच्या प्रसाराचे एक मोठे कारण दडलेले आहे.

दोषनिदानाचा क्रम

हीटर पेटत नसेल, तर अनुभवी कारागीर चार प्रश्न क्रमाने विचारतो : वीज आहे काय? इंधन येते काय? हवेचा मार्ग मोकळा आहे काय? आणि शेवटी, ज्वलनकक्ष स्वच्छ आहे काय? हा क्रम यादृच्छिक नाही. सोपी, स्वस्त आणि काहीही न उघडता करता येणारी तपासणी आधी आणि कष्टाची नंतर, हे त्यामागील तत्त्व होय.

विजेबाबत सर्वाधिक फसगत होते. बॅटरीचा दाब १२.४ व्होल्ट दिसतो आणि माणूस निर्धास्त होतो. परंतु ग्लो प्लग तापताना सुमारे १० अँपिअर प्रवाह ओढतो. गंजलेल्या जोडामुळे वायरिंगमध्ये ०.२ ओहम रोध वाढला असेल, तर २ व्होल्ट वाटेतच खर्ची पडतात आणि हीटरपाशी १०.४ व्होल्टच उरतात. अनेक हीटर १०.५ व्होल्टच्या आसपास स्वतःहून बंद होतात. म्हणून दाब मोजायचा तो हीटरच्या टोकाशी आणि ग्लो प्लग तापत असतानाच, हा धडा मिस्त्रींनी अनुभवातून घेतला.

इंधनाच्या बाबतीत पंपाची टकटक ऐकू येणे पुरेसे नसते. नळीत हवा शिरली असेल किंवा गाळणी तुंबली असेल, तरी पंप वाजतच राहतो. त्यामुळे नळी सोडवून ठराविक वेळात किती इंधन पडते, ते मापनपात्रात मोजण्याची रीत रूढ झाली. धुराचा रंगही बोलका असतो. पांढरा धूर म्हणजे इंधन येते आहे, पण नीट पेटत नाही; काळा धूर म्हणजे इंधनाच्या मानाने हवा अपुरी आहे. हीटर दीर्घकाळ मंद ठेवल्यास आत काजळी साचते, म्हणून तो अधूनमधून पूर्ण शक्तीवर चालविण्याचा सल्ला दिला जातो.

ज्ञानेंद्रियांपासून संकेतांकापर्यंत

आरंभीच्या हीटरचे निदान कान, नाक आणि डोळे यांवर अवलंबून होते. इलेक्ट्रॉनिक नियंत्रक आल्यावर हे काम दिव्याच्या उघडझापीने आणि नंतर पडद्यावरील संकेतांकाने होऊ लागले. यामुळे वेळ वाचला आणि नवख्यालाही दिशा मिळाली, हे मान्य केले पाहिजे. तथापि संकेतांक लक्षण सांगतो, कारण नव्हे. 'ज्योत पेटली नाही' हा एकच संकेत अशक्त बॅटरी, रिकामी टाकी, तुंबलेले धुराडे किंवा काजळलेला कक्ष यांपैकी कशानेही येऊ शकतो. तापमापकावरील आकडा म्हणजे रोगनिदान नव्हे, तसेच हे आहे. चार प्रश्नांचा जुना क्रम म्हणूनच कालबाह्य झालेला नाही.

नियंत्रकाने आणखी एक गोष्ट केली. ठराविक प्रयत्नांनंतरही ज्योत पेटली नाही किंवा कवच अतितप्त झाले, तर हीटर स्वतःला कुलूप लावून घेतो. वापरणाऱ्याला हा यंत्राचा हट्ट वाटतो; इतिहासाच्या दृष्टीने मात्र ती साचलेल्या भीतीची नोंद आहे. न जळलेले इंधन कक्षात साचून एकदम पेटण्याची भीती त्यात आहे आणि फुटक्या कवचातून कार्बन मोनॉक्साइड झोपलेल्या माणसापर्यंत पोहोचण्याचीही आहे. या वायूला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशे पटींहून अधिक घट्ट धरतो. १८९० च्या दशकात जॉन स्कॉट हाल्डेन यांनी स्वतःवर प्रयोग करून त्याचे परिणाम अभ्यासले आणि खाणींत धोक्याची सूचना मिळावी म्हणून लहान प्राणी नेण्याचा उपाय सुचविला. ज्या धोक्यापुढे कारागिराचे नाक निरुपयोगी ठरते, तेथे यंत्राचा पहारा अपरिहार्य होतो. युरोपीय समुदायाने १९७८ मध्ये वाहनांच्या तापनव्यवस्थेसंबंधी निर्देश काढला. २००१ च्या निर्देशाने त्याची जागा घेतली आणि त्यात इंधन जाळणाऱ्या हीटरच्या सुरक्षिततेचे तपशीलवार नियम समाविष्ट झाले.

अलीकडील काळात स्वस्त चिनी डिझेल हीटर मोठ्या प्रमाणावर उपलब्ध झाले असून, अनेक जण ते स्वतःच व्हॅनमध्ये बसवितात. दोषनिदान त्यामुळे पुन्हा सामान्य माणसाच्या हाती आले आहे. ज्ञानाच्या लोकशाहीकरणाच्या दृष्टीने हे स्वागतार्ह आहे. परंतु कारण न शोधता केवळ कुलूप पुनःपुन्हा उघडणे, वैतागून विजेची तारच तोडून तापलेला हीटर एकदम बंद करणे किंवा धुराड्याचा सांधा गाडीच्या आत ठेवणे, या चुका म्हणजे पूर्वसूरींनी मोठी किंमत देऊन मिळविलेले ज्ञान विसरणे होय.

निष्कर्ष

१. इंधन-हीटरचा विकास हवेने थंड होणारे इंजिन आणि उभ्या वाहनातील वास्तव्य या दोन गरजांतून झाला.
२. इंजिनापासून मिळालेल्या स्वातंत्र्याबरोबर धोका वाढला आणि त्या धोक्यातूनच सुरक्षा-कुलुपे व कायदे निर्माण झाले.
३. संकेतांकांनी निदान सुलभ केले. कारणमीमांसेची जबाबदारी मात्र माणसाकडेच राहिली.
४. दुरुस्ती-पुस्तिकेतील तपासणीचा क्रम हे तंत्रज्ञानाच्या इतिहासाचे एक विश्वसनीय साधन आहे.

इतिहासाच्या अभ्यासकाने बखर आणि ताम्रपट ज्या काळजीने वाचावा, त्याच काळजीने दुरुस्ती-पुस्तिकाही वाचावी, असे प्रस्तुत लेखकास वाटते. तिच्यातील 'प्रथम हे तपासा' या सूचनेमागे कोणाची तरी थंडीत गेलेली रात्र असते, आणि 'हे कदापि करू नये' या सूचनेमागे बहुधा त्याहून मोठी हानी.