निःपक्ष पत्रकारिता : ती होती तरी केव्हा?

"पूर्वीची पत्रकारिता निःपक्ष होती, आता ती विकली गेली." टीव्हीवरची रोजची आरडाओरड पाहून आपले तरुणही हेच म्हणू लागले आहेत. त्यांना माझा एकच प्रश्न आहे : पूर्वी म्हणजे नेमके केव्हा?

१९२० मध्ये? त्या वर्षी ३१ जानेवारीला बाबासाहेबांनी 'मूकनायक' सुरू केले. राजर्षी शाहू महाराजांनी त्यासाठी अडीच हजार रुपये दिले. मुंबई इलाख्यातली बहुतेक वर्तमानपत्रे विशिष्ट जातींचे हित पाहणारी आहेत आणि इतरांची त्यांना पर्वा नाही, हे बाबासाहेबांनी पहिल्याच अंकात सांगून टाकले. त्याचा पुरावाही लगेच मिळाला. टिळक हयात असताना 'केसरी'ने 'मूकनायक'ची जाहिरात पैसे देऊनही छापली नाही. आज पैसे घेऊन बातमी छापतात म्हणून आपण संतापतो. तेव्हा पैसे देऊनही आमचे अस्तित्व छापले जात नव्हते!

मग १९२७ मध्ये? २० मार्चला महाडच्या चवदार तळ्यावर आपल्या माणसांनी ओंजळभर पाणी घेतले. त्यानंतर गावात अफवा उठवली गेली की, अस्पृश्य आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार. असा कोणताही बेत नव्हता. तरीही त्या खोट्या बातमीवर जमाव लाठ्या घेऊन धावला आणि परिषदेला आलेल्या माणसांची डोकी फुटली. पुढे वर्तमानपत्रांतून टीका झाली तीही मार खाणाऱ्यांवरच. ३ एप्रिलला 'बहिष्कृत भारत' निघाले आणि बाबासाहेबांनी त्यातून उत्तरे द्यायला सुरुवात केली. या पत्राचे २४-२४ रकाने ते एकटे लिहीत. 'भाला'कार भोपटकरांच्या टीकेला शिवीगाळीने उत्तर न देता त्यांनी मुद्द्याला मुद्दा भिडवला.

जानेवारी १९४३ मध्ये न्यायमूर्ती रानडे यांच्या जयंतीनिमित्त बाबासाहेब पुण्यात बोलले. पत्रकारिता हा एके काळी पेशा होता, आता तो धंदा झाला आहे आणि साबण तयार करण्याइतकीच नैतिक जबाबदारी त्यात उरली आहे, अशा आशयाची टीका त्यांनी त्या भाषणात केली. हेतूचा रंग न चढवता बातमी देणे हे वृत्तपत्रांना आपले पहिले कर्तव्य वाटत नाही, असेही त्यांनी बजावले. मित्रांनो, तेव्हा ना टीव्ही होता ना टीआरपी. ज्याला आपण 'आजचा ऱ्हास' म्हणतो, त्याचे निदान स्वातंत्र्याच्या चार वर्षे आधीच झाले होते.

पुढे धंदा वाढला, पण मालक आणि संपादकांच्या जाती बदलल्या नाहीत. १९९६ मध्ये पत्रकार बी. एन. उनियाल यांना एका परदेशी वार्ताहराने विचारले, दिल्लीत कुणी दलित पत्रकार आहे का? उनियाल यांनी शोध घेतला. त्यांना एकही सापडला नाही. २००६ मध्ये अनिल चमडिया, जितेंद्र कुमार आणि योगेंद्र यादव यांनी दिल्लीतल्या ३७ माध्यमसंस्थांमधील निर्णय घेणाऱ्या ३१५ जणांची पाहणी केली. त्यात दलित किंवा आदिवासी एकही नव्हता. शून्य!

त्याच २००६ च्या २९ सप्टेंबरला भंडारा जिल्ह्यात खैरलांजी घडले. भोतमांगे कुटुंबातल्या चौघांची हत्या झाली. मोठ्या माध्यमांना जाग यायला अनेक आठवडे लागले. सुरुवातीच्या बातम्यांत या जातीय हत्याकांडाला 'अनैतिक संबंधां'चा रंग दिला गेला. सत्य बाहेर आले ते गावात जाऊन माहिती गोळा करणाऱ्या कार्यकर्त्यांमुळे आणि रस्त्यावर उतरलेल्या जनतेमुळे. तरीही खटल्यात अॅट्रॉसिटी कायदा लागू झाला नाही.

तेव्हा निःपक्षपातीपणाच्या सुवर्णकाळासाठी आपण अश्रू ढाळायचे कारण नाही. एका वर्गाची नजर 'सर्वांची नजर' म्हणून खपवली जात होती, इतकेच. आज तो बुरखाही गळून पडला.

पण इथेच आपल्यातले काही जण घसरतात. "वस्तुनिष्ठता हेच थोतांड आहे, ते खोटे बोलतात, आपणही बोलू." हा युक्तिवाद आत्मघातकी आहे, आणि हे मी स्वतःच्या चुकीवरून सांगतो. काही वर्षांपूर्वी एका गावात आपल्या वस्तीवर हल्ला झाला. जखमींचा आकडा आणि एक फोटो मला व्हॉट्सअॅपवर आला. शहानिशा न करता मी तो पुढच्या पंधरा ग्रुपवर टाकला. आकडा फुगवलेला होता आणि फोटो दुसऱ्याच राज्यातला निघाला. हल्ला खरा होता, जखमा खऱ्या होत्या. पण दुसऱ्या दिवसापासून गावात चर्चा सुरू झाली ती 'यांच्या खोटेपणा'ची. फिर्याद देणाऱ्या माऊलीने मला विचारले, "भाऊ, माझं खरं होतं ना, मग तुम्ही खोटं कशाला जोडलं?" माझ्याकडे उत्तर नव्हते.

सत्तेला सत्याची गरज नसते, तिच्याकडे पोलीस, पैसा आणि पडदा असतो. आपल्याकडे काय आहे? एफआयआर, पंचनामा, वैद्यकीय अहवाल, साक्षीदाराचा जबाब. आपली सगळी लढाई तथ्यांवर उभी आहे. तथ्यांची किंमत घसरली की सर्वांत आधी आपण हरतो. महाडची अफवा विसरू नका : खोट्या बातमीचा पहिला वार आपल्याच डोक्यावर पडला होता.

बाबासाहेब तटस्थ नव्हते. ते उघडपणे शोषितांच्या बाजूने उभे होते. पण बाजू घेणे वेगळे आणि तथ्य वाकवणे वेगळे. बाजू आपण न्यायाची घ्यायची, आणि तथ्य जसे आहे तसेच ठेवायचे. आज तुमच्या प्रत्येकाच्या हातात मोबाईल आहे, कित्येकांचे यूट्यूब चॅनेल आहे. म्हणजे तुम्हीही 'मूकनायक'चे वारसदार आहात. मग तारीख, गाव, गुन्हा क्रमांक आणि लावलेली कलमे तपासा. समोरच्याचे म्हणणे नोंदवा. चूक झाली तर ती जाहीरपणे दुरुस्त करा. रोज वंदनेत आपण पंचशील घेतो. त्यातले चौथे शील खोटे न बोलण्याचे आहे, आणि ते मोबाईलवरच्या फॉरवर्डलाही लागू आहे.

जय भीम!