तराजूतली गार

एकोणीस वर्षं मी तराजू दुरुस्त करत गावोगाव फिरलो. वाण्याच्या दुकानातले नव्हेत. काचेच्या पेटीतले, दोन पारड्यांचे, कॉलेजांच्या आणि साखर कारखान्यांच्या प्रयोगशाळांमधले. गळीत हंगाम सुरू व्हायच्या आधीचे दोन महिने तर पायाला भिंगरी असायची. प्रत्येक कारखान्याच्या लॅबमध्ये साखरेचं प्रमाण मोजायला नेमकी २६ ग्रॅमची वजनं करावी लागतात. तिथे काटा रेंगाळला की केमिस्ट हैराण आणि मला बोलावणं.

या तराजूचा जीव असतो अकीकाच्या तीन धारांत. दांडीच्या मधोमध एक, दोन टोकांना दोन. आम्ही त्यांना ‘नाइफ एज’ म्हणायचो. धारदार केलेला अकीकाचा तुकडा अकीकाच्याच घोटीव पट्टीवर टेकलेला असतो आणि त्या रेघेवर दांडी झुलते. तेवढ्यावर ग्रॅमचा दहा हजारावा भाग कळतो. पोलादाची धार का नाही? पोलाद आम्लाच्या वाफेत गंजतं, चुंबकत्वही धरतं. अकीकाला यातलं काही होत नाही. त्याचं दुखणं एकच, तो ठिसूळ. दांडी मोकळी असताना एखाद्या पोराने पारड्यात वजन टाकलं की धारेचा टवका उडतो. तो डोळ्यांना दिसत नाही, भिंगाखाली दिसतो. माझी निम्मी मिळकत या पोरांच्या घाईवर झाली, हे कबूल करायला हरकत नाही.

प्रवरेकाठच्या एका कॉलेजात सकाळी पोहोचलो तेव्हा लॅबच्या चाव्या ज्यांच्याकडे ते मामा लग्नाला गेलेले. दुपारपर्यंत वेळ काढायचा म्हणून नदीत उतरलो. दिवाळीनंतरचे दिवस, पाणी पात्राच्या एका कडेला आलेलं, बाकी सगळे गोटे उघडे. काळ्या दगडांत एक तुकडा पेटल्यासारखा दिसला. उचलून उन्हाकडे धरला तर आत मधाचा रंग आणि कांद्याच्या पाकळ्यांसारखे थर. खिशातल्या डबीत नवी नाइफ एज होती. दोन्ही शेजारी धरून पाहिले. एकाच जातीचे!

मेंढ्या पाजायला आलेला एक म्हातारा धनगर मला न्याहाळत होता. म्हणाला, “गार हाय ती, साहेब. आमचा आज्जा हिच्यावर चकमक झाडून चिलीम पेटवायचा. कापूस नीट वाळलेला पायजे बघा.” एवढं सांगून तो मेंढ्यांमागे गेला. पुस्तकातला अकीक, ज्योतिषाच्या दुकानातला हकीक, सराफाचा सुलेमानी आणि या माणसाची गार, चौघांची रास एकच.

संध्याकाळी मामा आले. तराजू लावून झाल्यावर मी त्याच तराजूवर तो दगड तोलला. हवेत ४१.३४ ग्रॅम. मग दोऱ्याने बांधून पाण्याच्या बीकरमध्ये लोंबकळत सोडला, तर २५.६२. फरक १५.७२, म्हणजे पाण्याच्या २.६३ पट जड. नदीतला काळा दगड २.९ च्या आसपास भरतो. मामांना वाटलं मी तराजूची परीक्षा घेतोय.

हा दगड काळ्या पाषाणातच जन्मतो. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनचं पठार घडवणारे लाव्हाचे थर एकावर एक पसरले. लाव्हा थिजताना त्यात वायूचे बुडबुडे अडकून पोकळ्या राहिल्या. विहिरी खणणारे अशा खडकाला मांजऱ्या म्हणतात. पुढे खडकातून मुरणाऱ्या पाण्याने त्या पोकळ्यांत गारेचे थर चढवले. खडक कुजून मुरूम झाला, मुरमाची काळी माती झाली, पण आतली गार कुजली नाही. पावसाने ती ओढ्यात आणली, ओढ्याने नदीत. शेताच्या बांधावर गारगोट्या वेचून टाकलेल्या दिसतात, त्या तिथे कुठून आल्या हे मला तेव्हा उमगलं.

त्यानंतर माझ्या फिरतीचा नकाशा बदलला. मुक्काम शक्यतो नदीकाठच्या गावात. पहाटे पात्रात जायचं, सूर्य समोर ठेवून चालायचं. अकीकातून उजेड आरपार येतो, त्यामुळे तो आपणहून हाक मारतो. सूर्य पाठीशी असेल तर शेकडो दगड तुडवूनही हाती काही लागत नाही. पूर ओसरल्यावरचे पहिले आठ दिवस सगळ्यात चांगले, कारण नदीने गोट्यांची कूस बदललेली असते. शंका आली तर चाकू ओढायचा. चाकूचा ओरखडा उठत नाही, उलट चाकूचंच लोखंड दगडावर राहतं. एकदा एसटीच्या कंडक्टरने माझी पिशवी पायाने सरकवून पाहिली आणि विचारलं, “दगड भरलेत का काय?” मी हो म्हणालो. त्याला ती थट्टा वाटली आणि लगेजचं तिकीट वाचलं.

पैठणला मी पहिल्यांदा गेलो ते कामानिमित्तच. तिथल्या एका प्राध्यापकांनी माझी पिशवी पाहिली आणि ‘पेरिप्लस’ची गोष्ट सांगितली. इसवीसनाच्या पहिल्या शतकातला, ग्रीक लिहिणारा कोणी दर्यावर्दी व्यापारी. त्याचं नाव मागे राहिलं नाही, तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानच्या किनाऱ्यापर्यंतच्या बंदरांची त्याने केलेली जंत्री राहिली. त्यात भडोच आहे आणि भडोचच्या दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आहे. पैठणच्या पूर्वेला आणखी दहा दिवसांवर तगर, म्हणजे आपलं तेर. तेरहून कापड येतं, पैठणहून हा दगड भरपूर येतो, आणि येतो तो गाड्यांतून, धड रस्ते नसलेल्या मुलखातून, असं तो नोंदवतो. भाषांतरकारांपैकी कोणी या दगडाला लाल अकीक करतो, कोणी सुलेमानी. मला त्या वादात रस नाही. गोदावरीच्या एकाच गोट्यात लाल, पांढरा, राखी असे तिन्ही पट्टे मी पाहिलेत.

पैठण ते भडोच सरळ रेषेत साडेतीनशे किलोमीटर भरतं. वीस दिवसांनी भागलं तर दिवसाला पाच-सहा कोस, म्हणजे भरल्या बैलगाडीची चाल. हिशेब चोख आहे. मला प्रश्न पडतो तो गाडीत माल यायचा कसा, याचा. माझा अंदाज असा की पैठणच्या या धंद्याला खाण लागतच नसावी. नदी दर पावसाळ्यात माल आणून टाकत होती आणि नदीकाठची माणसं, गुराखी, पोरंटोरं तो वेचून टोपलीने व्यापाऱ्याला घालत असतील. वेचायला कोणी विद्वान लागत नाही, सूर्य समोर ठेवायचा एवढंच. पुरावा विचाराल तर माझ्याकडे फक्त माझी पिशवी आहे.

भडोचजवळ राजपिपळ्याच्या डोंगरात रतनपूरला मात्र अकीकासाठी जमीन खणतात आणि तो माल खंभातच्या कारागिरांकडे जातो. तिथलं काम मी एकदा बघून आलो. दगड आधी उन्हात वाळवतात, मग मडक्यात घालून शेणीच्या मंद आचेवर भाजतात. आतलं लोखंड रंग धरतं आणि पिवळट दगड लाल होऊन निघतो. मग जमिनीत तिरप्या पुरलेल्या लोखंडी सुळक्याच्या टोकावर दगड टेकवायचा आणि म्हशीच्या शिंगाच्या हातोडीने टोला द्यायचा. टवका वरून नाही, खालून उडतो. आयुष्यभर टवके उडू नयेत म्हणून जपणारा मी, समोरचा माणूस एकेका टोल्याला हवा तेवढाच टवका काढत होता. एक मणी होईपर्यंत किती टोले, ते मोजायचं राहून गेलं.

असे मणी तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात काचेखाली मांडलेले आहेत. पावसाळ्यात पांढरीची माती धुपली की तिथे मणी उघडे पडतात, असं गावकरी सांगतात. आणि मण्यांच्याही आधी याच गारेची पाती होती. घोडनदीकाठच्या इनामगावला साडेतीन हजार वर्षांपूर्वीचे शेतकरी गारेची लांब, अरुंद पाती काढून वापरत होते. त्याहून कितीतरी जुनी हत्यारं नेवाशाला प्रवरेच्या थरांत १९५४ साली हसमुख सांकलियांना सापडली. गार, जास्पर असल्या घट्ट दगडांची. नेवासे म्हटलं की आपल्याला ज्ञानेश्वरीचा खांब आठवतो. पुरातत्त्ववाल्यांनी मात्र त्या हत्यारांच्या घराण्यालाच गावाचं नाव दिलं.

पण मला जवळचा वाटतो तो वाइन नावाचा साहेब. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या नोकरीत, खडकांची पाहणी करत फिरणारा. १८६० च्या दशकात पैठणजवळच्या मुंगी गावाला गोदावरीच्या थरात, जिथे नामशेष जनावरांची हाडं मिळत होती, त्याला अकीकाचं एक पातं मिळालं. माणसाने काढलेलं. त्याचे वरिष्ठ ओल्डहॅम यांनी १८६८ साली त्यावर टिपण छापलं आणि थराच्या वयापुढे शीर्षकातच प्रश्नचिन्ह टाकलं. आपल्याकडे एवढा जुना माणूस होता, हे तेव्हा कोण पटकन मानणार? वाइन निघाला होता खडक बघायला, वाकला एका चकाकत्या तुकड्यासाठी. फिरतीवरच्या माणसाचं असंच होतं.

१९९८ पर्यंत बहुतेक लॅबमध्ये इलेक्ट्रॉनिक काटे आले. त्यांत अकीक नसतो, दुरुस्तीही कंपनीचा माणूस करतो. मी दुकान आवरलं.

गेल्या हिवाळ्यात मुंगीला जाऊन आलो. पैठणच्या डोक्यावर जायकवाडीचं धरण १९७६ साली पुरं झालं, तेव्हापासून वरचे गोटे खाली यायचे थांबलेत. जे खाली होते, त्यांतली वाळू ट्रकने गेली. सूर्य समोर ठेवून तासभर चाललो. पाणी जिथे संथ होतं तिथे एक मुलगा म्हशी धूत होता. त्याने विचारलं, “आजोबा, काय हरवलंय का?”

मी म्हणालो, “एक गार शोधतोय.”

त्याने म्हशीच्या पाठीवर घासत असलेला दगड पुढे केला. काळाच होता, घासून घासून गुळगुळीत झालेला. मी उन्हाकडे धरून पाहिला आणि त्याला परत दिला.