राजाचा दरवाजा आणि आपला

मुंबईच्या अपोलो बंदरावरचा गेटवे ऑफ इंडिया सगळ्यांना ठाऊक आहे. भारताचं प्रवेशद्वार म्हणतात त्याला. कुणाच्या प्रवेशाचं, हे कुणी विचारत नाही. कमानीवर कोरलेलं वाचा. २ डिसेंबर १९११ला बादशहा पंचम जॉर्ज आणि राणी मेरी इथं उतरले, त्याची ही आठवण. रयतेबद्दल एक अक्षर नाही.

गंमत अशी, की बादशहा उतरला तेव्हा कमान नव्हतीच. पायाचा दगड बसला ३१ मार्च १९१३ला. उद्घाटन केलं व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंगनं, ४ डिसेंबर १९२४ला. पाहुणा येऊन गेला आणि तेरा वर्षांनी दरवाजा तयार! पुढं २८ फेब्रुवारी १९४८ला गोऱ्यांची शेवटची पलटण याच कमानीखालून निघून गेली. राजाच्या स्वागताची कमान राज्य गेल्याची खूण झाली. दगड तोच, अर्थ बदलला.

पण मित्रांनो, ज्यांच्या घामावर मुंबई उभी राहिली ते या दरवाजातून आले काय? कोकणातला माणूस बोटीनं धक्क्याला लागला, देशावरचा रेल्वेनं आला. आपल्या नांदूरघाटाकडच्या माणसाचं तर आणखीच वेगळं. बीड जिल्हा निजामाच्या राज्यात. मुंबईला जायचं म्हणजे राज्य ओलांडून इंग्रजी मुलखात जायचं. नाणंसुद्धा वेगळं, इकडं हाली, तिकडं कलदार. गोरी पलटण गेली तेव्हाही बीड निजामाकडंच होतं. निजामानं हात टेकले ते १७ सप्टेंबर १९४८ला.

मुंबईत पोचलं तरी दरवाजे होतेच. गिरणीत विणकाम खात्यात पगार जास्त, पण तिथं अस्पृश्याला मज्जाव. का? तर धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागायचा, आणि आपल्या तोंडानं धोटा बाटायचा! कमानीचा पाया घातला त्याच १९१३ साली बाबासाहेब शिकायला न्यूयॉर्कला गेले होते. १९२८च्या गिरणी संपात त्यांनी या बंद खात्याचा प्रश्न लावून धरला. बादशहाची कमान उघडून तेव्हा चार वर्षं झाली होती.

१९७२च्या दुष्काळात मराठवाड्यातली माणसं पुन्हा मुंबईकडं निघाली. आजही दिवाळीच्या आगंमागं बीडकडच्या वस्त्या रिकाम्या होतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाची उचल अंगावर घ्यायची आणि उसाच्या फडावर जायचं. यांच्या जाण्या-येण्याची कुठं कमान नाही, पाटी नाही.

बादशहाच्या एका दिवसाची नोंद दगडात आहे. आपल्या पिढ्यांची नोंद म्हाताऱ्यांच्या तोंडात आहे, आणि म्हातारी माणसं एकेक करून चाललीत. तेव्हा वही काढा. वस्तीतल्या आजीपाशी बसा. कोण कधी गेलं, कशापायी गेलं, कुठं उतरलं, कोणत्या कामाला लागलं, कोणत्या कामाला हात लावू दिला नाही, सगळं विचारा. तारीख आठवत नसंल तर दुष्काळावरून, थोरल्याच्या जन्मावरून साल काढा. आजी बोलंल तसंच लिहा. या पावसाळ्यात हे काम झालं पाहिजे. दिवाळीनंतर वस्तीत कुणी सापडायचं नाही.