केव्हीएम-दोषनिवारण

लिनक्स या मुक्तस्रोत कार्यप्रणालीच्या गाभ्यातील केव्हीएम या आभासीकरण-विभागात आढळणारे दोष शोधून दुरुस्त करण्याची प्रक्रिया (→ आभासीकरण, संगणक कार्यप्रणाली). क्युमरानेट कंपनीत आवी किव्हिटी यांनी रचलेला हा विभाग २.६.२० या आवृत्तीबरोबर फेब्रुवारी २००७ मध्ये गाभ्यात दाखल झाला. पाहुणी प्रणाली (आभासी यंत्राच्या आत चालणारी कार्यप्रणाली) ज्या यजमान गाभ्याच्या अंमलाखाली चालते, त्याच्याच स्मृतीवर तिचा अनधिकृत कब्जा होण्याचा संभव असल्याने येथील दोष विशेष गंभीर मानले जातात. आभासी यंत्राच्या आत पुन्हा आभासी यंत्र चालविण्याच्या सुविधेत, एएमडी प्रक्रियकांच्या बाबतीत, २०२१ मध्ये उघडकीस आलेला दोष याच जातीचा होता : पाहुण्याच्या स्मृतीतील नियंत्रण-तक्ता गाभा प्रथम तपासून घेई आणि वापरतेवेळी पुन्हा वाची, या दोन वाचनांच्या दरम्यान पाहुण्याचाच दुसरा आभासी प्रक्रियक त्यातील नोंदी बदलू शके. तक्त्यातील नियंत्रण-नोंदींची नक्कल आधी यजमानाच्या स्मृतीत उतरवून त्या नकलेचीच तपासणी व वापर करणे, हा त्यावर योजलेला उपाय होय (→ स्पर्धास्थिती). दुरुस्तीच्या मजकुरात मूळ सदोष बदलाची ओळखखूण ‘फिक्सेस’ या शेऱ्याने नमूद करण्याचा रिवाज असून, तिच्या आधारे ती दुरुस्ती कोणत्या जुन्या स्थिर आवृत्त्यांत रुजू करावयाची हे ठरते.