शिक्षक शिकले तर वर्ग शिकतो: कुमठे बीटपासून क्यूआर कोडपर्यंत

जून महिना आला की मुलांच्या दाखल्यासाठी वालिदैन शाळेत येतात आणि हमखास विचारतात, "सर, डिजिटल क्लासरूम आहे का?" प्रश्न रास्त आहे. पण त्याच्या जोडीला आणखी एक प्रश्न विचारायला हवा, असं आम्हा शिक्षकांना वाटतं: गेल्या वर्षभरात इथले शिक्षक काय नवीन शिकले? प्रोजेक्टर वर्गणी काढून एका दिवसात बसवता येतो. तो कधी लावायचा आणि कधी बंद ठेवायचा, हे उमगायला मात्र वर्षं जातात. सातारा-सांगली भागात शिक्षकांचं हे शिकणं कसं घडत आलं, आज त्याची काय सोय आहे आणि पालकांना त्यातून काय करता येईल, याची ही माहिती.

जुनी परंपरा

कर्मवीर भाऊराव पाटील यांनी 1919 साली कराड तालुक्यातल्या काले गावी रयत शिक्षण संस्था सुरू केली आणि 1924 मध्ये तिचं मुख्यालय साताऱ्याला आणलं. खेड्यात शाळा काढायच्या तर खेड्यात टिकणारे शिक्षक हवेत, हे त्यांनी ओळखलं होतं. म्हणून 1935 मध्ये साताऱ्यात शिक्षकांसाठी सिल्व्हर ज्युबिली रूरल ट्रेनिंग कॉलेज सुरू झालं. पुढे 1955 मध्ये संस्थेने आझाद कॉलेज ऑफ एज्युकेशनही काढलं.

कुमठे बीट: यंत्राशिवाय झालेला बदल

बीट म्हणजे एका शिक्षण विस्तार अधिकाऱ्याच्या देखरेखीखालचा शाळांचा गट. सातारा तालुक्यातल्या कुमठे बीटमध्ये विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे आणि तिथल्या जिल्हा परिषद शिक्षकांनी ज्ञानरचनावादी पद्धत वर्गात उतरवली. या पद्धतीचं सार सोपं आहे: मूल आपल्या अनुभवातून ज्ञान स्वतः बांधतं, शिक्षक त्याला मदत करतात. फरशीवर आकडे आणि अक्षरं रंगवली गेली. खडे, बिया, काड्या हे साहित्य झालं. मुलं गटात बसू लागली आणि शिक्षक खुर्ची सोडून त्यांच्यात बसले. हे पाहायला दुसऱ्या जिल्ह्यांतले शिक्षक येऊ लागले. 22 जून 2015 रोजी शासनाने 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' कार्यक्रमाचा निर्णय काढला, त्या काळात कुमठे हे नाव राज्यभर शिक्षकांच्या तोंडी होतं. तिथे बदलाला महागडं यंत्र लागलं नाही. शिक्षकांनी एकमेकांचे वर्ग पाहिले, एकमेकांना विचारलं, हेच त्यांचं खरं प्रशिक्षण.

क्यूआर कोड: सुरुवात भाषेच्या अडचणीतून

शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात, माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या शाळेत रणजितसिंह डिसले 2009 मध्ये रुजू झाले. पुस्तकाची भाषा आणि मुलांची घरची भाषा यांचा मेळ नव्हता, घरात कन्नड बोललं जाई. डिसले सरांनी ती भाषा शिकून पुस्तकांना क्यूआर कोड जोडले. मोबाईल धरला की कविता, व्हिडिओ, गोष्ट समोर येई. पुढे बालभारतीच्या पुस्तकांत कोड आले. 3 डिसेंबर 2020 रोजी त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ जाहीर झालं, तेव्हा दहा लाख डॉलरपैकी निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांत वाटली.

आपल्या समाजासाठी यातली भाषेची बाजू मोलाची आहे. मिरजेतलं किंवा कराडमधलं मूल घरी उर्दू-दखनी बोलतं, गल्लीत मराठी बोलतं. उर्दू शाळेत ते अपूर्णांकाला 'कसर', अंशाला 'शुमारकुनिंदा' आणि छेदाला 'नसबनुमा' म्हणतं. माध्यम बदललं की गणित तेच राहतं, पण शब्द परके होतात. मग हुशार मूलही गप्प बसतं आणि 'कच्चं' ठरतं. दोन्ही शब्द फळ्यावर शेजारी शेजारी लिहिणारा शिक्षक त्याला सावरू शकतो.

तंत्र आणि पद्धत यांची सांगड

अपूर्णांकाचाच पाठ घेऊ. आधी भाकरीचे चार सारखे तुकडे करायचे, एक उचलायचा आणि उरलं किती ते विचारायचं. मग व्हिडिओ लावायचा, पण दोन मिनिटांनी थांबवून "पुढे काय होईल?" असा अंदाज घ्यायचा. मुलांनी जोडीत बोलायचं, आपल्या भाषेत बोललं तरी चालेल. शेवटी पडदा बंद करून वहीत गणित सोडवायचं. सलग वीस मिनिटं व्हिडिओ लावला तर वर्ग शांत बसतो, पण कोणाला कळलं आणि कोणाला नाही, हे शिक्षकाला समजत नाही.

शिक्षकांसाठी आजच्या सोयी

- केंद्रस्तरावरची शिक्षण परिषद. इथे आसपासच्या शाळांचे शिक्षक एकत्र येऊन अडचणी मांडतात.
- जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था, म्हणजे डाएट. साताऱ्याची डाएट फलटणला आहे.
- 5 सप्टेंबर 2017 रोजी सुरू झालेलं 'दीक्षा' हे व्यासपीठ आणि 2019 पासूनचं 'निष्ठा' प्रशिक्षण. दोन्हींत उर्दूतलं साहित्यही आहे.
- राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020. प्रत्येक शिक्षकाने वर्षाला किमान 50 तास व्यावसायिक विकासासाठी द्यावेत, अशी त्यात अपेक्षा आहे.

12 आणि 24 वर्षांच्या सेवेनंतर वरिष्ठ व निवड श्रेणीसाठीही प्रशिक्षण लागतं. प्रमाणपत्र पगारासाठी गरजेचं आहे, त्यात गैर काही नाही. पण शिकलेली एक तरी गोष्ट पुढच्या सोमवारी वर्गात दिसली पाहिजे. नाहीतर ते तास नुसते कागदावर राहतात.

घरी आणि शाळेत आपण काय करावं

कित्येक घरांत मोबाईल एकच असतो आणि तो अब्बांबरोबर कामावर जातो. म्हणून मगरिबनंतर अर्धा तास मुलाच्या अभ्यासासाठी ठरवून ठेवा. दीक्षा ॲपमधून धड्याचा कोड स्कॅन करा, एकच व्हिडिओ पाहा आणि मोबाईल बाजूला ठेवून मुलाला म्हणा, "आता मला समजाव." अम्मीला धडा कळला नाही तरी हरकत नाही, मुलाने सांगणं महत्त्वाचं.

शाळा व्यवस्थापन समितीत कायद्याने तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि एकूण निम्म्या सदस्य महिला असतात. अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांत ही समिती सल्लागार असते, तरी सल्ला देता येतोच. पुढच्या बैठकीत तीन गोष्टी विचारा: शिक्षकांना प्रशिक्षणाला सोडताना वर्ग कोण सांभाळतं? शिकून आल्यावर ते इतर शिक्षकांना सांगतात का? माध्यम बदलणाऱ्या मुलांसाठी शब्दांची यादी केली आहे का? शिक्षकाची परीक्षा घ्यायची म्हणून हे विचारू नका. आपल्या शिकण्याची कोणी दखल घेतंय, एवढं कळलं तरी शिक्षकाला पुढे शिकायला बळ येतं.